विलेमस्टाड बंदर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझवर निघालेले पर्यटक, नेदरलँड्सहून सुट्टीला जाणारी मराठी कुटुंबं आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या घरची माणसं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर ५, ६ आणि ७ एवढे तरी वाचा.

१. विलेमस्टाड नेमकं कुठे आहे? ते नेदरलँड्समध्येच येतं ना?

विलेमस्टाड ही क्युरासाव बेटाची राजधानी. बेट कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर आहे. १० ऑक्टोबर २०१० रोजी 'नेदरलँड्स अँटिलीस' ही डच कॅरिबियन बेटांची जुनी एकत्र व्यवस्था संपली. तेव्हापासून क्युरासाव हा डच राजसत्तेखालचा स्वतंत्र घटक देश आहे. त्याचं सरकार आणि संसद वेगळी, पण नागरिकांचा पासपोर्ट डच. बेट युरोपीय संघाच्या हद्दीत नाही आणि शेंगेनमध्येही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही, नाही (व्हिसासाठी प्रश्न १६ पाहा).

नेदरलँड्समध्येही उत्तर ब्राबांट प्रांतात विलेमस्टाड नावाचं एक छोटं तटबंदीचं गाव आहे. हॉटेल शोधताना चुकून तिथलं समोर येतं, म्हणून आरक्षण करताना 'क्युरासाव' हा शब्द तपासा. विमानतळाचा कोड सीयूआर.

२. बंदराची रचना डोक्यात बसत नाही. सोप्या शब्दांत सांगाल का?

पाण्याची सुरई आडवी ठेवली आहे असं समजा. सुरईचं तोंड दक्षिणेला, उघड्या समुद्राकडे. मान म्हणजे सिंट आनाबाय ही अरुंद, खोल खाडी. पोट म्हणजे स्कॉटेगाट, चारही बाजूंनी जमिनीने वेढलेलं प्रशस्त नैसर्गिक बंदर. समुद्रातल्या लाटा या पोटापर्यंत पोचतच नाहीत.

मानेच्या पूर्वेला पुंडा, म्हणजे 'टोक', हा सर्वांत जुना भाग. पश्चिमेला ओट्रोबांडा, म्हणजे 'पलीकडचा काठ'. डचांनी १६३४ मध्ये स्पॅनिशांकडून बेट घेतलं आणि लगेच पूर्वेच्या टोकावर फोर्ट आम्स्टरडॅम बांधायला घेतला. आज त्यात गव्हर्नरचं निवासस्थान आणि सरकारी कचेऱ्या आहेत. पश्चिमेचा रिफ फोर्ट एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या भिंतींच्या आत आता दुकानं आणि खाणावळी थाटल्या आहेत.

ही मान शहराच्या ऐन मधून जाते. त्यामुळे मालवाहू जहाज कॅफेतल्या टेबलापासून अगदी जवळून सरकत जातं. गावकऱ्यांना आणि जहाजांना हीच वाट वापरावी लागते, आणि या पानावरचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघतात. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत विलेमस्टाड घेतलं तेव्हा शहराच्या जुन्या भागाबरोबर बंदराचंही नाव घातलं, ते योग्यच झालं.

३. आमचं क्रूझ जहाज कुठे लागेल? तिथून शहर किती दूर?

मोठी जहाजं खाडीच्या बाहेर, रिफ फोर्टच्या पश्चिमेला समुद्राच्या कडेला असलेल्या दोन 'मेगा पिअर'वर लागतात. पहिला धक्का १९९९ मधला, दुसरा २०१७ मधला. लहान जहाजं अजूनही आत, ओट्रोबांडाच्या काठावरच्या मॅथी वॉर्फला येतात.

मेगा पिअरवरून रिफ फोर्टमधून चालत तरंगत्या पुलापर्यंत १० ते १५ मिनिटं लागतात. टॅक्सीची गरज नाही. ऊन मात्र कडक असतं आणि मधल्या वाटेवर सावली कमी. टोपी आणि पाण्याची बाटली जहाजावरूनच घ्या.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दोन्ही ठिकाणचे धक्के ओट्रोबांडाच्या बाजूला आहेत. रंगीत घरांची रांग आणि बाजार पुंडाच्या बाजूला. म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा खाडी ओलांडावीच लागते.

४. तरंगता पूल चालतो तरी कसा?

नाव क्वीन एम्मा पूल. १८८८ मध्ये तो पहिल्यांदा उघडला. अमेरिकेचे इथले वाणिज्यदूत लिओनार्ड स्मिथ यांनी तो उभारला. लांबी १६७ मीटर. खाली खांब एकही नाही. सगळा पूल ओळीने बांधलेल्या पोकळ तराफ्यांवर तरंगतो. ओट्रोबांडाकडचं टोक बिजागरीने काठाला जखडलेलं, पुंडाकडचं टोक मोकळं. मोकळ्या टोकाला चालकाची केबिन, डिझेल इंजिनं आणि जहाजासारखे पंखे आहेत. पंखे फिरले की पूल दरवाजासारखा वळत ओट्रोबांडाच्या काठाला समांतर जाऊन टेकतो आणि वाट मोकळी होते.

असा पूल मुंबईत का नाही, असं बरेच जण विचारतात. कारण भरती-ओहोटी. क्युरासावला पाण्याची पातळी दिवसभरात फूटभर वरखाली होते, त्यामुळे पूल आणि काठ जवळजवळ एकाच उंचीवर राहतात. मुंबईत उधाणाच्या दिवशी हा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. तिथे असा पूल ओहोटीला घसरगुंडी झाला असता.

चालताना पूल डुलतो. मोठं जहाज नुकतंच गेलं असेल तर जास्तच. फळ्यांच्या फटीत बारीक टाच अडकते, म्हणून सपाट चप्पल घाला. मुलांच्या गाडीची पुढची चाकं सांध्यांवर थोडी उचलून घ्या.

५. आम्ही पुलावर असतानाच तो उघडला तर?

घाबरू नका, पळूही नका. आधी घंटा वाजते, मग दोन्ही टोकांची फाटकं बंद होतात. त्या वेळी पुलावर असलेली माणसं पुलावरच राहिली तरी चालतं. पुलासोबत फिरायला मिळतं आणि जहाज जवळून दिसतं. मात्र तो पुन्हा जागेवर येईपर्यंत पुंडाला उतरता येत नाही.

खरा धोका घंटा वाजल्यावर मोकळ्या टोकाकडे धावण्यात आहे. पूल काठापासून सुटला की मधली फट भराभर रुंदावते. तिच्यावरून उडी मारायचा विचारही करू नका, आणि लहान मुलांचा हात धरून ठेवा.

किती वेळ लागेल ते पुलावरच्या बावट्यावरून कळतं. नारिंगी बावटा म्हणजे छोटी नौका जाते आहे, पूल थोडाच उघडेल, काही मिनिटांचं काम. निळा बावटा म्हणजे मोठं जहाज, पूल पूर्ण उघडणार. मग अर्धा-पाऊण तास धरून चाला. एकामागून एक दोन जहाजं असली तर मध्ये पूल बंद करतीलच असं नाही.

६. पूल उघडा असेल तर पलीकडे कसं जायचं?

निळा बावटा असला की दोन्ही काठांमध्ये तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, सुरू होते. स्थानिक लोक तिला 'पोंची' म्हणतात. भाडं लागत नाही. धक्का पुलाजवळच आहे. फाटक बंद होताच स्थानिक लोक ज्या दिशेला वळतात, त्यांच्यामागे जा. नारिंगी बावट्याला मात्र थांबलेलंच बरं, कारण तरीच्या रांगेत उभे राहीपर्यंत पूल जागेवर आलेला असतो.

व्हीलचेअर असेल तर पूल बंद व्हायची वाट पाहा. तरीत चढता-उतरताना पायरी आणि हेलकावे दोन्ही असतात. फारच घाई असेल तर टॅक्सीने ज्युलियाना पुलावरून (प्रश्न ९) वळसा घालून जाता येतं. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

७. पूल अडला आणि जहाज चुकलं तर? किती वेळ हाताशी ठेवावा?

मेगा पिअरवरचं तुमचं जहाज पुलाच्या आत येतच नाही, त्यामुळे पुलासाठी ते थांबत नाही. तुम्ही पुंडाला अडकला आणि ते बाहेरच्या बाहेर निघून गेलं, असं सहज होऊ शकतं. जहाजावर चढायच्या शेवटच्या वेळेआधी दीड तास पुंडा सोडा. त्यात पुलाची किंवा तरीची पाऊण तासाची खोटी, पंधरा मिनिटं चालणं आणि धक्क्यावरच्या तपासणीची रांग, सगळं बसतं.

दुसरी चूक घड्याळाची. क्युरासाव वर्षभर भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, आणि तिथे उन्हाळी वेळ पाळत नाहीत. पण क्रूझ जहाज कधी कधी निघालेल्या बंदराचीच वेळ चालवतं. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि एक तासाचा घोळ होतो. उतरताना जहाजावरच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा आणि दिवसभर तीच वेळ धरा.

८. पुलावरून गाडी जाते का? टोल आहे का?

दोन्ही नाही. १९७४ मध्ये ज्युलियाना पूल झाल्यावर या पुलावर गाड्या बंद झाल्या. टोल पूर्वी होता, तो १९३४ मध्ये उठला. बूट घातलेल्यांकडून पैसे घेत आणि अनवाणी माणसाला फुकट सोडत. गावात असंही सांगतात की गरीब माणसं मानाने पैसे भरता यावेत म्हणून बूट उसने घेत, तर पैसेवाले बूट काढून हातात धरत.

९. ज्युलियाना पूल इतका उंच का बांधला?

पाण्यापासून तो सुमारे ५६ मीटर उंच आहे, म्हणजे अठरा मजली इमारतीएवढा. स्कॉटेगाटमध्ये तेलाची आणि मालाची मोठी जहाजं जायची होती आणि गाड्यांची रहदारीही त्यांच्यासाठी थांबून चालणार नव्हती. दोन्हींना एकमेकांच्या वाटेतून सोडवायचं तर रस्ता आकाशात नेण्यावाचून उपाय नव्हता. काम चालू असताना १९६७ मध्ये पुलाचा भाग कोसळून १५ कामगार गेले. वरून जाताना सगळं बंदर एका नजरेत दिसतं, पण हा वाहनांचा पूल आहे. फोटोसाठी गाडी थांबवू नका. तेच दृश्य फोर्ट नासाउच्या टेकडीवरून निवांत पाहता येतं. बंदरातल्या जहाजांच्या येण्या-जाण्याचं नियंत्रणही तिथूनच चालतं.

१०. जुन्या फोटोंत क्रूझ जहाजं शहराच्या आत दिसतात. आता बाहेर का?

जहाजं वाढली, खाडी तेवढीच राहिली. 'ओएसिस' वर्गाचं जहाज पाण्यावर सुमारे ७२ मीटर उंच असतं. ते ज्युलियाना पुलाखालून जाणं शक्यच नाही, आणि मानेसारख्या अरुंद खाडीत त्याला वळायलाही जागा नाही. म्हणून धक्के बाहेर समुद्राकडे नेले. तिथे हे जमलं याचं कारण वारा. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर लाटा फुटतात आणि नैर्ऋत्येची बाजू आडोशाला राहते. वारा फिरला आणि दक्षिणेकडून लाट आली की बाहेरच्या धक्क्यावर जहाज लावणं अवघड होतं. अशा दिवशी कप्तान हे बंदर गाळू शकतो.

या बदलाने खाडीचा ताल बदलला. पूर्वी प्रवासी थेट गावात उतरत, आता आधी रिफ फोर्टच्या दुकानांतून जातात. पुंडातले दुकानदार ही तक्रार करतात, आणि ती खरी आहे.

११. तेल व्हेनेझुएलाचं, मग रिफायनरी इथे कशी?

तेल निघायचं त्या व्हेनेझुएलातल्या मराकाइबो सरोवराच्या मुखाशी वाळूचा दांडा होता. मोठी तेलवाहू जहाजं त्यावरून आत जाऊ शकत नव्हती. शेल या तेल कंपनीने मग कमी खोलीच्या छोट्या टँकरमधून तेल बाहेर काढून जवळच्या, खोल पाण्याच्या आणि डच झेंड्याखालच्या बंदरात शुद्ध करायचं ठरवलं. स्कॉटेगाटमधल्या इस्ला या भूशिरावर १९१८ मध्ये कारखाना सुरू झाला. शेजारच्या देशातल्या राजकीय उलथापालथीपासून कारखाना दूर राहील, हाही हिशेब होताच. १९५० च्या दशकात मराकाइबोचा दांडा खोदून खोल मार्ग काढला गेला, पण तोवर क्युरासावचं शहर रिफायनरीभोवती वाढून बसलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना आणि जहाजांना लागणारं इंधन इथून आणि शेजारच्या अरूबातून जात असे. म्हणूनच १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या या पाण्यात आल्या.

१२. रिफायनरी आज चालू आहे का? धुराचा त्रास होतो का?

शेलने १९८५ मध्ये प्रत्यक्षात एका गिल्डरच्या नाममात्र किमतीला कारखाना सरकारला देऊन बेट सोडलं, आणि त्याबरोबर दशकानुदशकांचं प्रदूषणही मागे ठेवलं. पुढे व्हेनेझुएलाच्या पीडीव्हीएसए या सरकारी कंपनीने तो भाड्याने चालवला. तो करार २०१९ च्या अखेरीस संपला. त्याआधीच अमेरिकी निर्बंधांमुळे कच्चं तेल येणं आटलं होतं. तेव्हापासून पूर्वीसारखं शुद्धीकरण झालेलं नाही.

पूर्वी वाऱ्याच्या दिशेला असलेल्या पश्चिमेच्या वस्त्यांवर गंधकाचा धूर बसत असे आणि त्यावर वर्षानुवर्षं खटले चालले. बंदराच्या काठी युद्धकाळातल्या टाकाऊ डांबराचं तळंही अजून आहे. इतकी मोक्याची जमीन आणि तिच्याखाली मुरलेलं तेल, हा बंदरापुढचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. रंगीत घरांच्या फोटोंत तो कधी दिसत नाही.

१३. ३० मे हा दिवस इथे कशासाठी ओळखतात?

३० मे १९६९ रोजी कामगारांचा उठाव झाला. यंत्रं आली तशी शेलमधली माणसं १९५२ मधल्या सुमारे ११ हजारांवरून ४ हजारांवर आली होती. कंत्राटदाराकडच्या कामगारांना त्याच कामाचे कमी पैसे मिळत. संपावरचा मोर्चा रिफायनरीकडून फोर्ट आम्स्टरडॅमकडे निघाला, वाटेत कामगार नेते पापा गोडेट यांना पोलिसांची गोळी लागली आणि पुंडा-ओट्रोबांडाचा काही भाग पेटला. दोघांचा जीव गेला. त्यानंतर बेटाच्या राजकारणात काळ्या नागरिकांना पहिल्यांदा खरं स्थान मिळालं.

१४. गुलामांच्या व्यापाराशी या बंदराचा काय संबंध?

फार जवळचा. क्युरासाव कोरडं बेट, ऊस पिकत नाही. डच वेस्ट इंडिया कंपनीने त्याचा उपयोग माणसांच्या गोदामासारखा केला. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांना इथे उतरवत, प्रवासात खंगलेली शरीरं विक्रीयोग्य होईपर्यंत बेटावरच्या तळांवर ठेवत, आणि मग स्पॅनिश वसाहतींना विकत. १६६२ पासून स्पेनला गुलाम पुरवण्याच्या करारात कंपनीचा वाटा होता. १६७५ मध्ये बंदर खुलं केलं आणि व्यापार आणखी वाढला. हांडेल्सकाडेवरच्या (पुंडाच्या काठावरची रंगीत घरांची रांग) देखण्या दर्शनी भिंतींमागचा पैसा मुख्यतः व्यापाराचा होता, आणि त्या व्यापारात माणसंही होती.

१७ ऑगस्ट १७९५ रोजी बेटाच्या पश्चिमेला क्निप मळ्यावर तुला नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली गुलामांनी काम थांबवलं आणि स्वातंत्र्य मागितलं. उठाव मोडून ३ ऑक्टोबरला तुलांना हालहाल करून मारण्यात आलं. गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ रोजी. डच सरकारने २०२३ मध्ये तुला यांची प्रतिष्ठा अधिकृतपणे पुनःस्थापित केली. उठावाचं स्मारक ओट्रोबांडाच्या बाजूला, समुद्राकाठी रिफ भागात आहे. मेगा पिअरवर उतरणाऱ्या प्रत्येकाला ते चालत जाण्यासारखं आहे, आणि आमची विनंती आहे की पुलाआधी तिथे जावं.

१५. घरं रंगीत का? आणि काही ठिकाणी गिलावा का उडालेला असतो?

१८१७ मध्ये गव्हर्नर आल्बर्ट किकर्ट यांनी पांढरा चुना बंद करवला. पांढऱ्या भिंतींवरच्या उन्हाच्या तिरिपीने डोकं दुखतं, हे कारण. रंगाच्या दुकानात त्यांची भागी होती असं गावात सांगतात. हांडेल्सकाडेच्या कोपऱ्यावरची पिवळी पेन्या इमारत १७०८ मधली.

गिलावा उडण्याचं कारण मीठ. जुन्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या, आणि चुन्यात समुद्राची वाळू. ते मीठ हवेतला ओलावा ओढतं, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि आतून गिलावा ढकलतात. त्यावर सिमेंट थापलं की ओल कोंडते आणि नुकसान दुप्पट होतं. चुन्याचाच गिलावा पुन्हा करणं हाच उपाय, कारण चुना श्वास घेऊ देतो.

१६. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? पैसे कोणते न्यावेत?

साधारणपणे लागतो, आणि तो शेंगेनपेक्षा वेगळा 'कॅरिबियन व्हिसा' असतो. काही देशांचा वैध बहुप्रवेश व्हिसा किंवा रहिवास परवाना असलेल्यांना, तसंच क्रूझच्या प्रवाशांना सवलती आहेत. त्या बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी डच सरकारच्या संकेतस्थळावर आपला प्रकार तपासा. विमानाने जाणाऱ्यांना ऑनलाइन इमिग्रेशन कार्डही भरावं लागतं.

नेहमी होणारी चूक अशी: भारतातून एकप्रवेश शेंगेन व्हिसावर युरोपात जायचं, तिथून क्युरासाव करून पुन्हा युरोपात यायचं. क्युरासावला जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, आणि परतताना दुसरा प्रवेश लागतो. बहुप्रवेशच मागा.

३१ मार्च २०२५ पासून चलन 'कॅरिबियन गिल्डर' आहे. एका अमेरिकी डॉलरला १.७९ हा बांधलेला दर. डॉलर सगळीकडे चालतात, सुटे गिल्डरमध्ये मिळतात. जुने अँटिलीस गिल्डर कोणी देऊ केले तर घेऊ नका.

१७. तरंगता बाजार अजून भरतो का?

पूर्वीसारखा नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरून फळं, भाज्या आणि मासे भरलेल्या होड्या पुंडाच्या वायगाट या छोट्या खाडीकडच्या काठाला लागत आणि होडीसमोरच विक्री होई. व्हेनेझुएलाने २०१९ मध्ये सीमा बंद केली आणि होड्या थांबल्या. २०२३ मध्ये सीमा उघडली, पण जुनी गजबज परतलेली नाही. बघायला जाल तर सकाळी जा.

१८. चक्रीवादळाच्या मोसमात जावं का?

बेट वादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे थेट तडाखा क्वचित बसतो. पण 'कधीच नाही' असं समजू नका. २०१० मध्ये टॉमस वादळाच्या पावसाने विलेमस्टाडमध्ये पूर आला होता. एरवी पाऊस कमी, ऑक्टोबर ते डिसेंबर त्यातल्या त्यात ओला.

नळाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून येतं आणि ते बिनधास्त प्यावं. शाकाहारींनी सुरिनामी खाणावळीत रोटी-भाजी मागावी, ती जमते. 'तुतु' हा मका-चवळीचा पदार्थ शाकाहारी वाटतो, पण त्यात कधी कधी खारवलेलं मांस घालतात. विचारून घ्या.

१९. आमचा मुलगा जहाजावर आहे आणि जहाज इथल्या गोदीत दुरुस्तीला आहे. त्याला भेटता येईल का?

जहाजावर भेटणं अवघड, शहरात भेटणं सोपं. दुरुस्तीच्या गोद्या स्कॉटेगाटच्या आत आहेत. मोठी २८० मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद आहे. सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे बाहेरच्याला फाटकातून सोडत नाहीत. कप्तानाने नाव पाहुण्यांच्या यादीत घालावं लागतं, कंपनीच्या स्थानिक एजंटने ते फाटकावर कळवावं लागतं, आणि ओळखपत्र मूळ लागतं. जहाज सुक्या गोदीत असताना वेल्डिंग आणि रंगकाम चालू असेल तर परवानगी बहुधा मिळतच नाही.

त्यापेक्षा त्याला किनारारजा कधी आहे ते विचारा आणि ओट्रोबांडाच्या ब्रिऑन चौकात भेटा. गोदीकडून येणाऱ्या बस तिथल्या स्थानकात थांबतात आणि पूल समोरच आहे. जेवायला पुंडात जाणार असाल तर त्याची परतायची वेळ आधी विचारून घ्या, आणि प्रश्न ७ मधला दीड तास त्याच्यासाठीही धरा.